मुंबईत बसून कॅनडात बनलेली हत्यारं कशी जमवायची

घरी थोडंफार सुतारकाम करणाऱ्यांसाठी आणि सायकल-बाईक स्वतःच उघडून बसणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आपल्याकडे जर्मन पकड, जपानी करवत, शेफिल्डची पटाशी ही नावं कारागिरांच्या तोंडी असतात, कॅनडाचं नाव मात्र फारसं कोणी काढत नाही, आणि मला हे खरंच खटकतं, कारण हाताने वापरायची जी विचार करून बनवलेली हत्यारं आज जगात मिळतात त्यातली बरीच ओटावा शहरात बनतात. शिवाय आपल्या ओळखीत कोणाचा भाचा नाहीतर कोणाची नणंद टोरंटोकडे असतेच, त्यामुळे आणायची सोयही होते. फक्त एकदम पेटी भरून घ्यायला जाऊ नका. मुंबईच्या घरात हत्यारांना मिळून मिळून एक ड्रॉवर मिळतो, त्यात जे जाईल ते महिन्यातून दोन-चार वेळा तरी हातात आलं पाहिजे.

आधी एक गोष्ट पक्की करा, कॅनडाची कंपनी आणि कॅनडात बनलेली वस्तू यात फरक आहे. कॅनेडियन टायर ही तिकडची घराघरातली दुकानांची साखळी, तिचा मास्टरक्राफ्ट हा ब्रँड सगळ्यांना माहीत आहे, पण त्यातला बराचसा माल आशियातून येतो. ली व्हॅली ही ओटावाची हत्यारांची कंपनी, तिच्या दुकानातसुद्धा जपानी करवती, युरोपातल्या पटाश्या, तैवानचा माल असं सगळं विकायला असतं, त्यांचा स्वतःचा कारखाना म्हणजे व्हेरिटास. पाने बनवणाऱ्या ग्रे टूल्सचं पण तसंच, ग्रे नावाने येतो तो त्यांचा मुख्य माल आणि डायनॅमिक नावाची त्यांची दुसरी स्वस्त लाइन आहे ती आयात केलेली. त्यामुळे ब्रँड बघून खूश व्हायचं नाही, पाकीट उलटं करून वाचायचं.

वाचताना शब्द नीट बघा. तिकडच्या कॉम्पिटिशन ब्युरोचा, म्हणजे बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे की 'प्रॉडक्ट ऑफ कॅनडा' लिहायचं असेल तर वस्तू बनवायच्या थेट खर्चातला कमीत कमी ९८ टक्के खर्च कॅनडात झालेला पाहिजे. 'मेड इन कॅनडा'ला ५१ टक्के पुरतात, पण शेवटचा मोठा बदल तिथे झालेला हवा आणि बाहेरचे पार्ट वापरले असतील तर तसं सोबत लिहावं लागतं. आणि 'डिझाइन्ड इन कॅनडा' लिहिलेलं असेल तर कागदावरचं चित्र तिकडचं आहे एवढंच कळतं, लोखंड कुठे घडलं ते कळत नाही. माझ्या मते हत्यारासाठी मेड इन कॅनडा पुरेसं आहे, स्टील दुसऱ्या देशातून आलं म्हणून बिघडत नाही, घासणं, पाणी देणं (तापवून कडक करणं), जुळणी तिथे झाली की झालं.

आता सुरुवात कशाने करायची. लोक सांगतील एक मोठा रंधा घ्या, मी सांगेन नुसतं पातं घ्या.

तुमच्याकडे लोखंडी रंधा असेल तर तो बहुतेक स्टॅनले किंवा रेकॉर्ड या परदेशी कंपन्यांच्या नमुन्यावरचा असतो, आपल्याकडे वर्षानुवर्षं तेच डिझाइन बनत आलंय. व्हेरिटास अशा जुन्या रंध्यांत बसतील अशी पाती वेगळी विकते, पीएम-व्ही११ नावाच्या त्यांच्या स्टीलमध्ये. हे स्टील त्यांनी २०१२ साली बाजारात आणलं, पावडर मेटल पद्धतीचं, म्हणजे धातू आधी बारीक भुकटी करून मग दाबून-तापवून एकजीव केलेला असतो, त्यामुळे आतले कण बारीक आणि सगळीकडे सारखे राहतात. याचा फायदा कुठे दिसतो तर सागवानावर. सागात सिलिका असते, वाळूचाच प्रकार म्हणा ना, साधं पातं सागावर थोडा वेळ चाललं की धारेवर बारीक चकाकणारी रेघ दिसायला लागते, उजेडात तिरकं धरून बघा, धार चांगली असेल तर काही चमकत नाही, बोथट झाली की तिथून उजेड परत येतो. पीएम-व्ही११ वर ती चमक यायला बराच जास्त वेळ लागतो आणि तरी दगडावर धार लावायला ते फार हट्टी नाही. पात्याची मागची बाजू फॅक्टरीतूनच सपाट घासून येते, ते तासन् तास दगडावर घासत बसायचं काम वाचतं. वजन म्हणाल तर पाकिटात घालून कोणीही आणेल.

घेण्याआधी माप घ्या. रंध्यावर नंबर कोरलेला असतो, ४ आणि ५ नंबरला २ इंची पातं लागतं, ६ आणि ७ ला २ पूर्णांक ३/८ इंची, पण नंबरवर विश्वास ठेवून ऑर्डर देऊ नका, पातं बाहेर काढून पट्टीने रुंदी मोजा आणि मधल्या खाचेची लांबी-रुंदी पण मोजा. नवीन पातं जुन्यापेक्षा जाड असतं म्हणून कधीकधी रंध्याचं तोंड लहान पडतं, छिलका अडकतो. तेव्हा बारीक सपाट कानस घेऊन तोंडाची पुढची कड अगदी थोडी थोडी घासायची, दर दोन-चार हातांनंतर पातं बसवून बघायचं. घासलेलं परत भरून येत नाही, म्हणून इथे घाई नको.

पात्यापाठोपाठ धार लावायचा गाइड, म्हणजे पातं एकाच कोनात धरून ठेवणारं साधन. व्हेरिटासचा मार्क टू होनिंग गाइड घ्या, हा ज्याला रोज धार लावायची सवय नाही त्याच्यासाठी फार कामाचा आहे. त्याला पुढे एक छोटी जोडपट्टी लागते, तिच्यावर कोनाचं माप ठरवायचं, पातं पट्टीला टेकेपर्यंत सरकवायचं, आवळायचं, पट्टी काढून ठेवायची आणि दगडावर ओढायला लागायचं. २५ अंश म्हणजे २५ अंशच मिळतात, दर वेळी तेच. खालच्या चाकाला एक बटण आहे, ते फिरवलं की कोन एक-दोन अंशांनी वाढतो आणि धारेच्या टोकाला बारीक दुसरी धार बसते, पुढच्या वेळी फक्त तेवढीच धार घासायची, दोन मिनिटांत पातं परत तयार. मुरलेला मिस्त्री हे सगळं नुसत्या मनगटाने करतो आणि ते बघायला फार सुंदर असतं, पण तो दिवसभर तेच करतो, आपण रविवारी करतो.

मग रंधा. एकच घ्यायचा असेल तर लो-अँगल जॅक, लांबी साधारण १५ इंच, वजन अडीच किलोच्या थोडं वर. यात पातं धारेचा उतार वर करून बसतं आणि बैठक १२ अंशांची असते, म्हणून लाकडाला लागणारा कोन पातं बदलून बदलता येतो. २५ अंशांचं पातं लावलं की १२ अधिक २५ म्हणजे ३७, आडव्या कापासाठी, फळीचं टोक साफ करायला. ३८ चं लावलं की ५०, आणि ५० चं लावलं की ६२. साध्या रंध्यात हा कोन ४५ ला अडकलेला असतो. शिसवीसारख्या लाकडात रेघ मध्येच उलटी फिरते, एका बाजूने गुळगुळीत येतंय म्हणेपर्यंत पुढच्या वीतभर जागेत लाकूड उचकटतं, तिथे ५० किंवा ६२ चा कोन लाकूड उचकटू देत नाही, ढकलायला जोर लागतो पण पृष्ठभाग साफ येतो. म्हणजे एका रंध्यात तीन रंधे. मुंबईच्या जागेत याला फार किंमत आहे.

यासोबत एक सावधगिरी. सध्या जुन्या बिल्डिंगा आणि चाळी पाडतात त्यातलं बर्मा टीक चांगल्या भावात मिळतं आणि ते रंधायला घेतलं की घरभर वास सुटतो, मोह होतोच. पण त्या तुळयांत जुने खिळे मोडून आत राहिलेले असतात. आधी एक चांगलं लोहचुंबक फळीवरून सगळीकडे फिरवा, जिथे ओढलं जाईल तिथे खडूने खूण करा आणि खिळा काढल्याशिवाय हे महागडं पातं त्यावर नेऊ नका.

मोठा रंधा बजेटच्या बाहेर जात असेल तर ब्लॉक प्लेन हा छोटा रंधा, मुठीत मावतो, पावसाळ्यात फुगलेल्या दाराची कड मारायला आणि ड्रॉवर सैल करायला तोच हातात येतो.

करवतीबद्दल थोडक्यात. व्हेरिटासच्या डव्हटेल सॉला, म्हणजे बारीक सांधे कापायच्या करवतीला, पाठीचा कणा पितळी नसतो, स्टेनलेसची भुकटी, ग्लास फायबर आणि रेझिन असं मिश्रण साच्यात ओतून बनवतात, दिसायला साधी वाटते पण चालते सरळ आणि त्या तोडीच्या इतर करवतींपेक्षा परवडते. इंचाला १४ दात्यांची आणि २० दात्यांची मिळते, सागासारख्या कडक लाकडाला सुरुवात १४ ने करा, २० पातळ फळ्यांना. चाकवालं मार्किंग गेज, म्हणजे कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार, पण घ्या, साध्या गेजची सुई लाकूड ओरबाडते, हे चाक कापतं, आडव्या रेघेवर खूण स्वच्छ येते. ही दोन्ही छोटी हत्यारं आहेत आणि भेट म्हणून मागायला सोपी.

ली व्हॅलीबद्दल एवढं सांगतो की लिओनार्ड ली यांनी १९७८ मध्ये ओटावात ती सुरू केली, टपालाने कॅटलॉग पाठवून माल विकायचे, आणि पुढे दुसऱ्यांची हत्यारं विकता विकता त्यात काय कमी आहे ते कळत गेलं म्हणून स्वतः बनवायला लागले. ली २०१६ मध्ये गेले. त्यांच्या रंध्यांच्या तोंडाजवळ पात्याच्या दोन्ही बाजूंना बारीक स्क्रू असतात, पातं आडवं सरकू नये म्हणून, एवढा विचार फार कमी जण करतात. असल्या बारीकसारीक गोष्टींवरूनच मला या हत्यारांचं वेड लागलं.

आता रॉबर्टसन, म्हणजे चौकोनी खाचेचा स्क्रू. कॅनडाच्या हत्यारांचं कलेक्शन याच्याशिवाय अपुरं. पीटर लायम्बर्नर रॉबर्टसन, जन्म १८७९, ओंटारिओचे. गोष्ट अशी सांगतात की माँट्रियलला रस्त्यावर स्प्रिंगवाला स्क्रूड्रायव्हर विकताना डेमो देत होते, पातं सरळ खाचेतून सटकलं आणि हात कापला, तेव्हापासून न सटकणारा स्क्रू डोक्यात बसला. १९०८ मध्ये मिल्टन गावात कारखाना, १९०९ मध्ये कॅनडाचं पेटंट. खाच चौकोनी आणि आत जाताना किंचित निमुळती, त्यामुळे ड्रायव्हरचं टोक तिच्यात घट्ट रुतून बसतं. विंडसरच्या फोर्ड कारखान्यात हे स्क्रू वापरले जायचे, वेळ वाचत होता, फोर्डला त्याचे हक्क हवे होते, पण रॉबर्टसन यांनी इंग्लंडमध्ये एकदा लायसन्स देऊन तोंड पोळलेलं होतं, ते नाही म्हणाले. मग १९३० च्या दशकात फिलिप्स आला, अमेरिका त्याची झाली आणि तिथून आपल्या हार्डवेअरच्या दुकानांत पण तोच फुलीवाला स्क्रू पोचला. नाहीतर आज आपल्या घरोघरी स्क्रूची डोकी झिजून गोल झालेली दिसली नसती.

वापर कुठे तर पोटमाळ्याचं काम घ्या. तुम्ही स्टुलावर उभे आहात, एका हाताने फळी वर दाबून धरलीय, दुसऱ्या हातात ड्रायव्हर. फिलिप्स असेल तर स्क्रू धरायला तिसरा हात लागतो, खाली उभ्या असलेल्याला हाक मारावी लागते. रॉबर्टसनला स्क्रू टोकावर खोचायचा आणि ड्रायव्हर आडवा करा, उलटा करा, हलवा, तो लटकून राहतो, चुंबक वगैरे काही नाही, नुसत्या खाचेच्या पकडीवर. कमोडच्या मागे, सिंकच्या खाली, जिथे हात आत जातो पण डोळे जात नाहीत तिथे तर याला तोड नाही.

रंगांवरून साइज कळतो, पिवळा ०, हिरवा १, लाल २, काळा ३. स्क्रूचा नंबर म्हणजे त्याची जाडी, ५ ते ७ नंबरच्या स्क्रूला हिरवा, ८ ते १० ला लाल, १२ च्या पुढे काळा. घरातली जवळजवळ सगळी कामं लाल आणि हिरव्यात होतात, पिवळा आणि काळा नंतर घेतला तरी चालेल. पण आपल्या नाक्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे हे स्क्रू मिळणार नाहीत, म्हणून ड्रायव्हर मागवताना सोबत स्क्रूचे दोन डबे पण मागवा, ८ नंबरचे सव्वा इंची आणि दोन इंची, एवढे सुरुवातीला पुरतात. आणि एक गंमत, क्रेग कंपनीचे पॉकेट होलचे, म्हणजे तिरक्या भोकातून फळ्या जोडायचे, स्क्रू आपल्याकडे ऑनलाइन मिळतात, त्यांना चौकोनी २ नंबरचीच खाच असते, तुमचा लाल रॉबर्टसन तिथे चालतो. स्क्रूच्या डब्यावर रॉबर्टसन लिहिलंय म्हणजे तो कॅनडात बनला असं समजू नका, ते आता खाचेचं नाव झालंय आणि अशा खाचेचे स्क्रू कुठेही बनतात. इथेही पाकीट उलटं करायचंच.

पान्यांसाठी ग्रे टूल्स. १९१२ पासूनची कंपनी, कारखाना ब्रॅम्प्टनला, म्हणजे आपले निम्मे नातेवाईक राहतात त्याच गावात, असं गमतीने म्हणायला हरकत नाही. तुम्ही बाईकवर काम करत असाल तर त्यांचे रिंग आणि फिक्स एकत्र असलेले पाने बघा आणि गोट्या, म्हणजे सॉकेट, बघा. मागवताना मेट्रिक, म्हणजे मिलीमीटरचे, असं स्पष्ट सांगा, कारण तिकडच्या दुकानात इंची माप तेवढंच चालतं आणि दुकानदार विचारत नाही. आपल्या गाड्यांना ८, १०, १२, १३, १४, १७, १९ हेच लागतात, पूर्ण सेट न घेता एवढे सुटे घेतले तर पैसे वाचतात आणि पेटीत कधी हात न लागणारे पाने पडून राहत नाहीत. इंची पाना चुकून आलाच तर ५/१६ चा ८ ला चालून जातो आणि ३/४ चा १९ ला, फरक अगदी नावाला आहे, पण १/२ चा पाना १३ ला लागतच नाही, तो १२.७ चा असतो.

जुन्या मालात जास्त मजा आहे, हे मी मनापासून सांगतो. क्विबेकमध्ये रॉक्स्टन पाँड म्हणून एक छोटं गाव, तिथे रंधे बनवणारे कारागीर एकोणिसाव्या शतकापासून होते, नंतर स्टॅनलेने तिथलाच कारखाना घेतला आणि तिथे बनलेल्या रंध्यांवर मेड इन कॅनडा असं कास्टिंगमध्येच उठवलेलं असतं. करवतींमध्ये ओंटारिओतल्या गॉल्ट गावचे शर्ली अँड डीट्रिक, त्यांच्या पात्यावर मेपलचं पान असायचं. कुऱ्हाडींमध्ये हल गावच्या वॉल्टर्सचं नाव मोठं. नातेवाईकांना सांगा किजीजीवर शोध घ्या, आपल्या ओएलएक्ससारखी तिकडची साइट, आणि उन्हाळ्यात लोक गराजसमोर टेबल लावून घरातलं जुनं सामान काढतात तिथे पण बघा. बरेचदा आजोबांची पेटी एकत्र विकायला असते आणि घरच्यांना त्यातलं काय काय आहे ते माहीत नसतं.

मुंबईत शोधायचं असेल तर चोर बाजारात मटण स्ट्रीटच्या आजूबाजूला, शुक्रवारी सकाळी लवकर, आणि दारूखान्यात. दारूखान्यात जहाजं तोडलेला माल येतो आणि जहाज कुठल्याही देशाचं असू शकतं, त्यामुळे इंजिन रूमचे पाने-गोट्या कुठल्या देशाच्या निघतील सांगता येत नाही. कॅनडाचं काही मिळेलच असा भरवसा नाही, पण हातात घेऊन मूठ पुसून शिक्का वाचायची सवय लागते, आणि ती सवय हे कलेक्शन जमवताना सगळ्यात जास्त उपयोगी पडते. नागदेवी स्ट्रीटवर नवीन माल बघायला जा, विकत काही घेतलं नाही तरी हरकत नाही, चांगल्या पान्याचं वजन, फिनिश, जबड्याची जाडी हातात धरून कळते, ते नंतर फोटो बघून खरेदी करताना आठवतं.

जुनं घेताना काय बघायचं. रंध्यात तोंडाजवळ आणि बाजूच्या भिंतींना तडा आहे का ते बघा, कास्टिंग टकटक करून बघा, तडा असेल तर आवाज बसका येतो. गंज वरवर असेल तर चिंता नाही, पण पात्याच्या मागच्या बाजूला धारेजवळ गंजाचे खड्डे असतील तर सोडून द्या, तिथे धार कधीच अखंड लागणार नाही. पान्याचे जबडे फाकलेत का ते चांगल्या नटवर लावून बघा. करवतीचं पातं डोळ्यासमोर धरून लांबीने बघा, वाकलेलं लगेच कळतं, मूठ मोडलेली असेल तर चालेल, मूठ बनवता येते.

गंज काढायला किराण्याच्या दुकानातलं लिंबूसत्त्व पुरतं. कोमट पाण्यात थोडंसं विरघळवायचं, हत्यार त्यात पूर्ण बुडवायचं आणि अधूनमधून काढून ब्रशने घासून बघायचं, रात्रभर विसरून ठेवायचं नाही, लोखंड काळवंडतं. झालं की खायच्या सोड्याच्या पाण्यातून काढायचं, लगेच कोरडं पुसायचं, पंख्याखाली नाहीतर हेअर ड्रायरने सुकवायचं आणि तेल. सोडा आणि सुकवणं यातलं एकही चुकवलं तर अर्ध्या तासात केशरी पूड परत दिसते, आपल्या हवेत तर नक्कीच.

आता आणायचं कसं. सगळ्यात बरं म्हणजे येणाऱ्या माणसाच्या चेक-इन बॅगेत. केबिन बॅगेत पातं, पटाशी, करवत काहीही घालू देऊ नका, सिक्युरिटीला काढून घेतात आणि परत मिळत नाही. रंधा आणायचा असेल तर पातं वेगळं काढून पुठ्ठ्यात गुंडाळायला सांगा आणि रंधा कपड्यांच्या मध्ये, कास्टिंग आहे, आपटलं तर तडकू शकतं. बिल सोबत ठेवायला सांगा, ग्रीन चॅनलच्या, म्हणजे ड्यूटी न भरता बाहेर पडायच्या, मर्यादेच्या आत आहे की बाहेर ते बिलावरूनच ठरतं. तिकडून येणाऱ्या काकूंना एका फेरीत एकच जड वस्तू सांगा, त्यांना पण चितळ्यांच्या डब्यांची जागा मोकळी करून परत येताना स्वतःचं सामान आणायचं असतं.

कोणाला खरेदी करायला सांगताय ते पण बघा. ओंटारिओत बिलावर १३ टक्के एचएसटी हा विक्रीकर लागतो, अल्बर्टात फक्त ५ टक्के जीएसटी, म्हणजे मिसिसागाच्या मामापेक्षा कॅलगरीच्या मावशीकडून घेतलेला तोच रंधा स्वस्त पडतो. ली व्हॅलीची दुकानं दोन्हीकडे आहेत. पर्यटकांना हा टॅक्स परत मिळायची सोय कॅनडाने २००७ मध्येच बंद केली, तेव्हा त्या भरवशावर हिशोब करू नका. कुरिअरने मागवलं तर आपल्याकडे कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी दोन्ही लागतात आणि ते वस्तूच्या किमतीवर अधिक शिपिंगवर लागतात, त्यामुळे जड वस्तूला दुहेरी फटका बसतो. दर बजेटमध्ये बदलत असतात, ऑर्डर करण्याआधी त्या आठवड्याचा दर बघा आणि केवायसीचे कागद आधीच तयार ठेवा, नाहीतर पार्सल गोदामात पडून राहतं. म्हणून कुरिअरने हलकं आणि बॅगेतून जड, पाती, गाइड, गेज, ड्रायव्हर कुरिअरने परवडतात, रंधा आणि पाने बॅगेतून.

आणल्यावर खरी परीक्षा आपल्या पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर हवेत एवढा ओलावा असतो की रंध्याच्या तळावर बोट लावलं तर दोन दिवसांनी तिथे बोटाच्या रेषांसकट गंजाचा ठसा उमटलेला दिसतो, घामातलं मीठ. वरळी, दादर, माहीमला समुद्राकडे खिडकी असेल तर अजून वाईट. काम झालं की दर वेळी कोरड्या फडक्याने पुसायचं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा अगदी पातळ हात, तळावर मेणबत्तीच्या चार रेघा ओढायच्या, त्याने गंज पण लांब राहतो आणि रंधा लाकडावर सरकतो पण छान. खोबरेल तेल लावू नका, काही दिवसांनी चिकट होतं आणि खवट वास येतो. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका, कागद ओलावा ओढतो आणि तोच हत्याराला देतो. चामड्याच्या पाउचमध्ये पण पावसाळ्यात नको. झाकण घट्ट बसणारा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या आणि गंजरोधक कागद, ज्याला व्हीसीआय म्हणतात, तो मशीनच्या पार्टवाल्यांकडे मिळतो. सिलिकाच्या पुड्यांतले दाणे निळ्याचे गुलाबी झाले की पुडीतून काढून तव्यावर मंद आचेवर फिरवून परत निळे करता येतात, ते खायच्या भांड्यात करू नका, जुना तवा वेगळा ठेवा.

काय घेऊ नका ते पण सांगतो. गॅरंट ही क्विबेकची १८९५ पासूनची कंपनी, तिची फावडी तिकडे घरोघरी, पण त्यातली बरीच बर्फ उपसायची, आपल्याला त्यांचा उपयोग नाही. कुऱ्हाडी सुंदर असतात, वॉल्टर्सची जुनी कुऱ्हाड बघून हात शिवशिवतात, पण गावाला घर असेल आणि तिथे लाकडं फोडायची असतील तरच घ्या. हातोडी, क्लॅम्प, कानशी, गुण्या, शिकंजा हे सगळं इथलंच घ्या. आपल्या देशात लोखंडी क्लॅम्प आणि शिकंजे चांगले बनतात, नागदेवीला वजनावर जोखून, स्क्रूचे आटे फिरवून बघून घेता येतात आणि दहा किलोचं लोखंड समुद्रापलीकडून आणण्यात काही अर्थ नाही. गुण्या घेताना दुकानातच एका सरळ कडेच्या फळीवर रेघ मारा, गुण्या उलटा करून त्याच जागी परत रेघ मारा, दोन्ही रेघा एकावर एक आल्या तरच पैसे द्या.